लाल ठिपक्याच्या पुढे

जानके, तुझ्या दहाव्याला मी दोन कप चहा प्यायले आणि तोंडातून एक अक्षर काढलं नाही. माझ्या स्वभावात हे बसत नाही, तुला माहीत आहे. पस्तीस वर्षं पोस्टाच्या खिडकीमागे बसून मी भल्याभल्यांना रांगेत उभं केलं. पण तुझी मंदाताई सगळ्यांसमोर माझ्याकडे बघून म्हणाली, "थंडीनं खाल्ली माज्या बहिणीला. म्हातारपणी हिमालय कशाला पायजे व्हता?" आणि मी मिठाची गुळणी धरून बसले. दहा-बारा बायका माझ्याकडे बघत होत्या. तुझा नीलेश मात्र बघत नव्हता. तो खाली मान घालून चटईची काडी उसवत होता.

घरी आले आणि तळपायाची आग मस्तकात गेली. राग मंदाताईचा नव्हता. धाकटी बहीण गेल्यावर माणूस कुणाला तरी बोलणारच. राग आला तो 'थंडीनं' ह्या शब्दाचा. तुझी गाडी थंड होती? बाहेर बादलीतलं पाणी दगड व्हायचं आणि आत आपण एका स्वेटरवर पत्ते कुटत बसायचो, ती गाडी थंड? ज्यांनी महाबळेश्वरच्या पुढे कधी शाल काढली नाही, त्यांनी मला थंडी शिकवावी!

हे सगळं वहीत लिहितेय. नीलेशच्या हाती लागेल ही भीती नाही. तू त्याला हौसेने इंग्रजी शाळेत घातलंस, तो मराठी पाटी वाचतो, पान वाचत नाही. तेव्हा आज मला बोलू दे. तू मधे तोंड घालणार नाहीस, हे आपल्या उभ्या आयुष्यात पहिल्यांदाच होतंय.

आपली सुरुवातच भांडणाने झाली. माझगावहून टोपली घेऊन तू आमच्या लालबागच्या चाळीत यायचीस. दोघी विशीतल्या. मी सरंग्याचा कल्ला उचलून म्हटलं, शिळा आहे. तू टोपली खाली ठेवलीस, कमरेवर हात ठेवलेस आणि सगळ्या गॅलरीला ऐकू जाईल असं म्हणालीस, "शिळा? तुज्या नवऱ्यापेक्षा ताजा हाय गो!" माझं तेव्हा लग्न व्हायचं होतं. आई आतून हसत बाहेर आली आणि तिने दोन सरंगे घेतले. त्यानंतर चाळीस वर्षांत मी दुसऱ्या कुणाकडून मासे घेतले नाहीत, आणि तुझ्याकडून एकही मासा वाद घातल्याशिवाय घेतला नाही. आपल्या दोघींचे नवरे एका वर्षाच्या अंतराने गेले. त्यानंतर दुपारची तू माझ्याकडे येऊन आडवी पडायचीस. चाळीची बिल्डिंग झाली, लिफ्ट आली, तरी तुझा आवाज खालूनच यायचा.

आणि तुझा तो टेम्पो! भाऊच्या धक्क्यावरून दादरला मासळी नेणारा, मागे पांढरी पेटी असलेला. गुडघे गेले, नीलेश ऑफिसात लागला, तेव्हा सगळे म्हणाले, विकून टाक. तू विकला नाहीस. माझगावच्या मिस्त्रीकडे नेऊन त्या पेटीत दोन झोपायच्या फळ्या ठोकून घेतल्यास, एक खिडकी कापून घेतलीस, छताला झडप बसवलीस. मी म्हटलं, वेड लागलंय का? मासळीच्या पेटीत माणसं झोपतात? तू म्हणालीस, "दोन पत्र्यांच्या मधे बोटभर जाड फोम हाय. जी पेटी गार राखते ती गरम पण राखते. पेटीला काय कळतंय आत पापलेट हाय की उषा!"

जायचं कधी, तेही तूच ठरवलंस. मार्गशीर्षात. अर्धी मुंबई तेव्हा गुरुवार धरते, उरलेली अर्धी महिनाभर मासळीकडे बघत नाही. कोळणीला वर्षात तेवढीच उसंत. हिमालयात मार्गशीर्षात बर्फ असतो, हे तुला मी सांगितलं. तुझं उत्तर, "बर्फाला मी घाबरू? जल्मभर बर्फच फोडला मी."

त्या पहिल्या वर्षीची माझी फजिती तू बाहेर कुणाला सांगितली नाहीस, पण मला सहा वर्षं ऐकवलीस, त्याचा राग माझा अजून गेलेला नाही. मनालीच्या अलीकडे नदीकाठी गाडी लावली होती. फळीखाली मिस्त्रीने बसवलेला तो डिझेलवरचा हीटर, बुटाच्या खोक्याएवढा, जळतो आत पण धूर सोडतो गाडीच्या खाली, बाहेर. त्याचं फिरवायचं बटण माझ्या उशाशी. मी ते शेवटपर्यंत फिरवलं, पेटी भट्टीसारखी तापवली, घाम पुसला आणि झोपताना बंद करून टाकलं. का? कारण आम्ही मुंबईची माणसं. गिझर लावायचा, पाणी कढलं की बंद करायचा, मग आंघोळीला जायचं. बटण चालू ठेवून झोपणं हे आमच्या घरात पाप. पहाटे जाग आली ती दातांच्या आवाजाने. घाम आलेलं अंग गारठलेलं, नाकाचा शेंडा हरवलेला. तू उठलीस, हीटर लावलास आणि म्हणालीस, "हा गिझर नाय गो बाय, चूल हाय. भडका करून इझवायची नसते. निखारा ठेवायचा रातभर."

दुसऱ्या रात्री मी पेटीच्या कोपऱ्यातलं भोक बुजवलं. बर्फाचं पाणी वाहून जायला जमिनीलगत ठेवलेलं भोक, दोन बोटं जाईल एवढं, त्यातून गार हवेची सुरी आत यायची. मी माझा लोकरी मोजा त्यात कोंबला आणि शहाणपणा केल्याच्या आनंदात झोपले. सकाळी छतावरून थेंब कपाळावर. भिंतींना घाम, गोधडी ओली, डोकं जड. तू मोजा उपसून काढलास, माझ्या नाकासमोर धरलास आणि लेक्चर दिलंस. भोक नसलेल्या पेटीत मासळी स्वतःच्याच पाण्यात सडते. दोन बायका रातभर श्वास सोडतात, तो जाणार कुठे? म्हणून खालचं भोक उघडं आणि वरची झडप दोन बोटं उघडी, बाहेर बर्फ पडला तरी. आत शेगडी पेटवायची नाही म्हणजे नाही. ओला टॉवेल आत वाळत घालायचा नाही. जेवण झाकण ठेवून शिजवायचं.

आणि गोणपाट. मी दोन-दोन गोधड्या अंगावर घेत होते, तू एक माझ्या अंगावरून ओढून माझ्या खाली घातलीस. "मासळीला बर्फ आधी खाली घालतात, मग वर. खालून राखलं तर राहतं. माणसाचंही तसंच." गादीखाली दोन पदरी गोणपाट, गरम हवेचं तोंड पायांकडे, अंधार पडायच्या आत हीटर मंद लावून पेटी आधीच निवांत तापवायची. चौथ्या रात्री मी अशी झोपले की लालबागमध्येही कधी झोपले नव्हते. फक्त पेटी तापली की फोममधून वीस वर्षांचे बोंबील आणि सुरमई वास मारायला लागायचे. पहाडातला एक झुबकेदार कुत्रा सकाळपर्यंत दाराशी बसून राहायचा. आपल्याकडे काही नाही हे त्याला कुणी सांगायचं?

बटणावर आकडे नव्हते. म्हणून तू नेलपॉलिशने लाल ठिपका काढलास. झोपताना बटण ठिपक्यावर, पुढे नाही. हवा उबदार नको, फक्त बोचरी नको. ऊब गोधडीत असली पाहिजे, हा तुझा कायदा. माझा कायदा वेगळा. मला ठिपक्याच्या पुढे बोटभर हवं असायचं. सहा वर्षं, दर मार्गशीर्षात, दर रात्री आपण ह्यावरून भांडलो. मी हळूच पुढे सरकवायचे, तू अंधारात ओळखायचीस. "उषे, मागे घे. तोंड सुकतं माजं." मी म्हणायचे, "म्हातारे, तू माणूस आहेस की बर्फातला हलवा मासा?" तू म्हणायचीस, "तू पोस्टातली हायस, तुला सगळं चिकटवून बंद करायचं असतं." मग मी मागे घ्यायचे. कुरकुरत, पण घ्यायचे. कारण सकाळी बरं वाटायचं ते तुझ्याच ठिपक्यावर, आणि हे मी तुला सहा वर्षांत एकदाही सांगितलं नाही.

आता ह्या वर्षीचं. नीलेशची बायको बाळंतपणाला माहेरी गेलेली. मी म्हटलं, ह्या खेपेला नको, नातवंड येतंय. तू ऐकलं नाहीस. "पोर पौषात येणार, त्याच्या आत परत येऊ. मग मना कुठे जायला मिळतंय?" ह्या 'मग'चा अर्थ मी नातवंड असा घेतला. मला काय ठाऊक!

पहिल्याच रात्री आपण झोपलो आणि तू पलीकडच्या फळीवरून म्हणालीस, "उषे, जरा पुढे सरकव."

मला आधी खरंच वाटलं नाही. मी म्हटलं, "काय म्हणालीस? परत बोल." तू परत बोललीस. आणि मी हसले, जानके. उठून बसले आणि टाळ्या वाजवल्या. सहा वर्षांचा खटला जिंकले म्हणून! सकाळी तुझ्या पाकिटातली नेलपॉलिश काढून तुझ्या ठिपक्याच्या पुढे बोटभर माझा ठिपका काढला. तू बघत होतीस, ओठ पांढरे, दोन शाली गुंडाळून. म्हणालीस, "जिंकलीस बाई एकदाची." तुझ्या ह्या तोंडाने कधी हार मानली नव्हती. मंडईत हवालदाराशी भांडून जिंकणारी तू. मी विचारायला नको होतं का, की जानके, तुला का गं थंडी वाजतेय? गाडी तीच, फोम तोच, हीटर तोच, गोणपाट तेच. मग बदललं काय? एवढं साधं गणित पोस्टातल्या बाईला सुटू नये?

पौषात नात झाली. बारशाला तू हिरवी साडी नेसून पाळण्याची दोरी धरलीस. लोक म्हणाले, जानकी उतरली, प्रवासाची दगदग. त्यानंतर आठवड्याभरात तुला परळच्या हॉस्पिटलात नेलं आणि दोन दिवसांत सगळं संपलं. छाती भरली होती, रक्त फारच कमी होतं. डॉक्टरांनी माझ्यासमोर नीलेशला विचारलं, आधी काही तपासण्या झाल्या होत्या का? तो म्हणाला, नाही, आई कधी आजारीच पडली नाही.

दहाव्यानंतर दोन दिवसांनी मी मिस्त्रीच्या आवारात गाडी साफ करायला गेले. गाद्या उन्हात टाकाव्यात म्हणून तुझ्या फळीवरचं गोणपाट उचललं, तर खाली प्लॅस्टिकच्या पिशवीत फाइल. तुझं नाव. नवरात्रातल्या तारखा. रक्ताचे तीन रिपोर्ट, आणि शेवटच्या कागदावर डॉक्टरांनी स्वच्छ लिहिलेलं, ताबडतोब दाखल व्हावे. खाली तुझी सही. सातवी पास बाईची ती गोल, लांबलचक सही.

म्हणजे तुला माहीत होतं. दसऱ्याला माझ्याकडे सोनं द्यायला आलीस, दिवाळीत माझ्या करंज्यांना नावं ठेवलीस, तीन दिवस स्टिअरिंग धरून मला पहाडात नेलंस, आणि सगळा वेळ तुला माहीत होतं. कोण समजतेस तू स्वतःला? नीलेशला सांगितलं नाहीस, एक वेळ समजेन. सुनेला सहावा लागलेला, घरात आनंद, तुला त्या आनंदात हॉस्पिटल नको होतं. चूक होती ती, शंभर टक्के चूक, पण समजेन. पण मी? मी काय गरोदर होते? मला सांगितलं असतंस तर मी हाताला धरून नेलं असतं, रडले असते, भांडले असते. म्हणूनच सांगितलं नाहीस, कळतं मला. मी नेलं असतं हॉस्पिटलात, आणि तुला जायचं होतं नदीकाठी. पण माझ्या उशाशी हीटरचं बटण आणि तुझ्या पाठीखाली ती फाइल, आणि आपल्या मधे दोन हात अंतर! चाळीस वर्षांच्या मैत्रीत दोन हात अंतर तुला ओलांडता येऊ नये?

मी फाइल पिशवीत घातली आणि ठरवलं, आता मंदाताईच्या दारात जाऊन आपटायची. वाचा म्हणावं. थंडीने नेली की हिच्या हट्टाने नेली, ते बघा. मी काही कुणाच्या पापाचं गाठोडं डोक्यावर घेऊन फिरायला मोकळी नाही. चप्पल घालत होते तेवढ्यात आवाराच्या फाटकातून नीलेश आला.

दाढी वाढलेली, डोळे लाल. माझ्यासमोर तुझ्या फळीवर बसला. म्हणाला, "मावशी, मी मंदामावशीसारखं बोलणार नाही. पण एकदा खरं सांगा. आई तिकडे गारठली होती का? मला झोप लागत नाही. सारखं वाटतं, माझं काहीतरी बघायचं राहिलं. तिचा चेहरा किती फिका झाला होता, आता फोटोत दिसतोय. मला तेव्हा का नाही दिसला? मी रोज बघत होतो तिला."

पिशवी माझ्या मांडीवर होती. फाइलची कड वर आलेली.

मी त्याच्याकडे बघितलं. तुझाच रुंद चेहरा. महिन्याभराची मुलगी घरी, आणि हा माणूस स्वतःला खायला बसलेला. फाइल दिली असती तर पहिली तारीख बघून तो हिशोब मांडत बसला असता, की त्या दिवशी मी कुठे होतो, ऑफिसात की घरात, आणि हा हिशोब त्याने मरेपर्यंत मांडला असता. माझ्या वडिलांनी, आबांनी, त्यांच्या आईचा असाच मांडला होता, मी बघितलंय.

मी म्हटलं, "हीटर एक रात्रही बंद पडला नाही. तुझ्या आईने बांधलेली गाडी आहे ती, थंड कशी असेल? बंद मी केला. एका रात्री. गिझरसारखा तापवला आणि झोपताना बटण बंद करून टाकलं. पहाटे आम्ही दोघी कुडकुडत उठलो."

खोटं नव्हतंच ते. फक्त वर्ष वेगळं होतं.

त्याने दोन्ही हातांनी डोळे चोळले. मग म्हणाला, "मावशी, तुम्ही पण ना..." आणि पुढचं गिळलं. त्याने मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. पण त्याच्या खांद्यांतून काहीतरी उतरलं, ते मला दिसलं. राग करायला समोर कुणीतरी मिळालं त्याला. मग तो उठला आणि नजर न मिळवता म्हणाला, "चावी देता? गाडी मी विकणार नाही. पण आता ती माझ्याकडे राहू दे."

दिली. मार्गशीर्षात मी आता कुठे जाणार, ते तूच सांग. आणि मंदाताईचं म्हणणं मीच खरं करून दिलं. आता सगळा कोळीवाडा म्हणेल, पोस्टातल्या बाईने मारली. म्हणू दे. पण हे मी तुझ्यावरच्या प्रेमापोटी हसत हसत केलं, असं समजू नकोस. मला प्रचंड राग आलेला आहे, आणि तो मी वर येईन तेव्हा तुझ्या पदरात टाकणार आहे.

जाण्याआधी त्याने खाली वाकून हीटर बघितला. "हा लाल ठिपका कसला?"

"तुझ्या आईचा. झोपताना बटण इथे ठेवायचं. खालचं भोक उघडं, वरची झडप दोन बोटं उघडी. मुलीला नेशील तेव्हा लक्षात ठेव."

"आणि हा पुढचा?"

"तो माझा. चुकून लागला."

तो दार उघडायला वळला तेव्हा मी नखाने माझा ठिपका खरवडून काढला. नेलपॉलिश चांगली होती तुझी, निघता निघेना. नख तुटलं. मी जिंकले नव्हते, जानके. तू हरली नव्हतीस. तुला थंडी वाजत होती, आणि मी टाळ्या वाजवत होते.